आधी पत्ता, मग स्वल्पविराम: शोधनिबंधाची संदर्भसूची करताना

कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात भातावर काम करणारे विद्यार्थी, माथेरानच्या झाडाझुडपांच्या नोंदी ठेवणारे प्राध्यापक, कातकरी वाड्यांवर पोषणाची पाहणी करणारे कार्यकर्ते, खोपोलीच्या कारखान्यांतल्या सांडपाण्यावर प्रकल्प करणारी मुले. शोधनिबंध लिहून झाला की या सगळ्यांचे प्रश्न एकाच जागी येऊन अडतात. एपीए करू की व्हँकुव्हर? गॅझेटिअरचा लेखक कोण लिहायचा? मराठी पुस्तक इंग्रजी पेपरात कसे दाखवायचे? वाडीवरच्या आजीने सांगितलेले संदर्भात येते का? आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा: "सूची मोठी झाली तर प्लेजिअरिझम वाढेल का?"

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संदर्भाचे पहिले काम पत्ता देणे हे आहे. दूरच्या कुणालाही तुम्ही वाचलेल्या त्याच पानापर्यंत जाता आले पाहिजे. स्वल्पविराम, तिरका ठसा, वर्षाभोवतीचे कंस हे सगळे त्यानंतरचे, आणि ते बरेचसे यंत्राकडून करून घेता येते. पत्ता चुकला तर मात्र कोणतेही सॉफ्टवेअर तो दुरुस्त करत नाही. आपल्याकडे विद्यार्थ्यांचा जीव कंसांमध्ये अडकतो आणि पत्ते चुकीचे राहतात.

स्टाईलआधी जर्नल ठरवा

"जगात मान्य" अशी एकच स्टाईल नाही. प्रत्येक जर्नलच्या "लेखकांसाठी सूचना" या पानावर त्यांची पद्धत दिलेली असते. म्हणून क्रम असा ठेवा:

१. जर्नल पक्के करा. एकाने नाकारले तर दुसरे कोणते, हेही ठरवून ठेवा.
२. त्याच्या सूचना पूर्ण वाचा. संदर्भांच्या संख्येवर मर्यादा आहे का ते पाहा. छोट्या टिपणांना ती बहुधा असते.
३. त्याच जर्नलच्या ताज्या अंकातला, तुमच्या विषयाचा एक लेख उतरवून घ्या. सूचना आणि छापील लेख यांत फरक दिसला तर ताज्या छापील लेखाप्रमाणे जा.
४. पहिल्या वेळी कोणतीही स्टाईल चालते का ते शोधा. एल्सेव्हिअरसह काही मोठ्या प्रकाशकांची बरीच जर्नल्स पहिल्या सादरीकरणाला फक्त एकसारखेपणा मागतात आणि स्वतःची पद्धत स्वीकृतीच्या टप्प्यावर लावून घेतात. तशी मुभा असेल तर स्वल्पविरामांवर रात्री घालवू नका.

एकच संदर्भ, तीन पोशाख

देवराईवर काही लिहिणारा माणूस माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा १९७६ चा लेख टाळू शकत नाही. तोच तीन पद्धतींनी पाहा. इथे देवनागरीत दाखवतो आहे, इंग्रजी लेखात अर्थातच रोमन लिपीत येईल.

- एपीए, म्हणजे लेखक आणि वर्षाची पद्धत: गाडगीळ, एम., व वर्तक, व्ही. डी. (१९७६). द सेक्रेड ग्रोव्ह्ज ऑफ वेस्टर्न घाट्स इन इंडिया. इकॉनॉमिक बॉटनी, ३०(२), १५२–१६०.
- व्हँकुव्हर, म्हणजे क्रमांकाची पद्धत: गाडगीळ एम, वर्तक व्हीडी. द सेक्रेड ग्रोव्ह्ज ऑफ वेस्टर्न घाट्स इन इंडिया. इकॉन बॉट. १९७६;३०(२):१५२-६०.
- बेंगळुरूच्या 'करंट सायन्स'ची पद्धत: गाडगीळ, एम. आणि वर्तक, व्ही. डी., द सेक्रेड ग्रोव्ह्ज ऑफ वेस्टर्न घाट्स इन इंडिया. इकॉन. बॉट., १९७६, ३०, १५२–१६०.

माहिती तीच, फक्त मांडणी बदलते. पण एपीएला अंक क्रमांक लागतो आणि 'करंट सायन्स'ला लागत नाही. व्हँकुव्हर आणि 'करंट सायन्स' जर्नलचे नाव आखूड करतात, एपीए ते पूर्ण मागते. म्हणून नोंद करताना नेहमी सर्वांत जास्त माहिती घ्या. असलेले गाळता येते, नसलेले आयत्या वेळी सापडत नाही.

दोन सवयी बदलायला हव्यात. आपल्या अनेक महाविद्यालयांत अजून एपीएची सहावी आवृत्ती शिकवतात. सातवी २०१९ साली आली. तिच्यात पुस्तकाच्या प्रकाशनाचे गाव लिहायचे नाही, मजकुरात तीन किंवा अधिक लेखक असले तर पहिल्याच उल्लेखापासून "व इतर" लिहायचे, आणि सूचीत वीस लेखकांपर्यंत सगळी नावे द्यायची. व्हँकुव्हरमध्ये सर्वसाधारणपणे पहिले सहा लेखक आणि मग "व इतर". मार्गदर्शकांनी त्यांच्या काळात शिकलेली पद्धत आग्रहाने सांगितली, तर जर्नलच्या सूचनांचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवा. बहुतेक सर-मॅडमना ते पुरते.

वाचतानाच पूर्ण पत्ता घ्या

पीडीएफ उतरवला, "पेपर ७ नवीन" असे नाव दिले, आणि सहा महिन्यांनी तो कुठून आला होता ते आठवेना. हे घडू द्यायचे नसेल तर प्रत्येक स्रोतासाठी एवढे टिपून ठेवा:

- सर्व लेखकांची नावे, छापील क्रमाने, सर्व आद्याक्षरांसह
- वर्ष, पूर्ण शीर्षक आणि उपशीर्षक
- जर्नलचे पूर्ण नाव, खंड, अंक, पहिले आणि शेवटचे पान, किंवा ऑनलाइन लेखाचा क्रमांक
- डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) असल्यास तो. जुन्या लेखाला नसेल तर नाही, ओढूनताणून शोधू नका
- पुस्तक असल्यास आवृत्ती, प्रकाशक, संपादक, आणि तुम्ही वापरलेली पाने
- संकेतस्थळ असल्यास पाहिल्याची तारीख

गूगल स्कॉलरच्या "साइट" बटणावरून आलेली नोंद जशीच्या तशी चिकटवू नका. तिथे अंक गळलेला असतो, शीर्षकातली मोठी-लहान अक्षरे बिघडलेली असतात, शास्त्रीय नावांचा तिरका ठसा उडालेला असतो. लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा.

पश्चिम घाटावरच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात 'नेचर'मधला मायर्स व इतर यांचा २००० सालचा लेख असतो: खंड ४०३, पाने ८५३ ते ८५८. त्याचे लेखक पाच, आणि त्यांत मिटरमायर आडनावाचे दोघे आहेत. नाव चुकून दोनदा आले असे समजून एक मिटरमायर काढून टाकणारे लोक पुष्कळ आहेत. पुढे तीच सूची कुणीतरी नक्कल करते आणि बिचारा मिटरमायर पिढ्यान्‌पिढ्या गायब होतो. मूळ लेख उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात.

कर्जत-खालापूरवर लिहिताना लागणारे खड्डे

हा भाग सविस्तर लिहितो, कारण परदेशी मार्गदर्शिकांत तो मिळणार नाही.

कर्जत दोन आहेत. एक रायगडचे, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले, आणि दोन्ही तालुक्याची ठिकाणे. पर्जन्यमान, जमिनीचा पोत, भूजल यांबाबत एकाचा डेटा दुसऱ्याच्या नावावर खपवला जाण्याचा धोका खरा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचे भातपिकाचे कर्जत आणि पर्जन्यछायेतले कोरडवाहू कर्जत यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. संदर्भ घेण्याआधी मूळ लेखातले अक्षांश-रेखांश किंवा जिल्हा पाहा, आणि स्वतःच्या पत्त्यातही जिल्हा आणि पिन कोड लिहा.

जुने गॅझेटिअर कोणत्या खंडात शोधायचे? 'गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी'चा कुलाबा आणि जंजिरा यांचा अकरावा खंड १८८३ चा. त्यात कर्जत शोधत बसाल तर हात हलवत परत याल, कारण तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. ते कुलाब्यात आले १८९१ साली. म्हणून माथेरान किंवा कर्जतची जुनी वर्णने ठाण्याच्या खंडांत, तेराव्या आणि चौदाव्यात, सापडतात. ते १८८२ चे. स्थलवर्णने चौदाव्यात आहेत. पुढे महाराष्ट्र शासनाने १९६४ साली कुलाबा जिल्ह्याचे नवे गॅझेटिअर काढले. ही तीन वेगळी पुस्तके आहेत, आणि "कुलाबा गॅझेटिअर" एवढ्यावर भागत नाही. जुन्या मालेचा संपादक जेम्स कॅम्पबेल. एपीएत त्याचे नाव संपादक म्हणून येते. १९६४ च्या खंडासाठी शासकीय विभाग हाच कर्ता.

जिल्ह्याचे नाव. कुलाब्याचे रायगड झाले १ जानेवारी १९८१ रोजी. १९६४ च्या पुस्तकाचे शीर्षक सूचीत "रायगड" करू नका. शीर्षक छापले तसेच राहते. तुमच्या मजकुरात मात्र "तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड" असे एकदा लिहा. विद्यापीठांचेही तसेच आहे. १९९० सालच्या प्रबंधावर "युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे" असेल तर सूचीतही तेच. दापोलीच्या विद्यापीठाच्या जुन्या प्रबंधांवर नुसते "कोकण कृषी विद्यापीठ" असते. आजचे डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाचे पूर्ण रूप त्यांना मागून चिकटवू नका.

एकाच नावाची दोन पुस्तके, एका पुस्तकाची दोन वर्षे. वनस्पतिशास्त्राच्या निबंधांत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. एम. आर. अल्मेडा यांचे 'फ्लोरा ऑफ महाराष्ट्र' मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमकडून १९९६ पासून खंडाखंडाने आले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे 'फ्लोरा ऑफ महाराष्ट्र स्टेट' हे वेगळे. त्याचा एकदल वनस्पतींचा खंड १९९६ चा, द्विदलांचे २००० आणि २००१ चे, आणि संपादकांची नावे खंडागणिक बदलतात. दोन्हींत १९९६ येत असल्याने गल्लत ठरलेली. थिओडोर कुकचे 'द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' मुळात १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाले. आपल्या ग्रंथालयांत असते ते वनस्पती सर्वेक्षणाने केलेले पुनर्मुद्रण, आणि त्याची पाने मूळ पानांशी जुळत नाहीत. तुम्ही पुनर्मुद्रण वापरले असेल तर पुनर्मुद्रणाचे वर्ष द्या आणि मूळ वर्षही सांगा. "कुक १९५८" एवढेच लिहिले तर वाचकाला वाटेल, कुकसाहेब स्वातंत्र्यानंतर कर्जतला येऊन गेले.

वर्षात एकाचे अंतर. गाडगीळ-वर्तक यांचे देवराईवरचे दोन लेख आहेत. १९७६ चा 'इकॉनॉमिक बॉटनी'तला वर दिला. १९७५ चा 'जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'त आहे, खंड ७२. मजकुरात ७५ आणि सूचीत ७६ असे सर्रास दिसते. मजकुरात दोन्ही वापरत असाल तर सूचीतही दोन्ही हवेत.

समितीचा अहवाल हा एका माणसाचा लेख नव्हे. पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ गटाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी मंत्रालयाला सादर झाला आणि लोकांसमोर आला २०१२ साली. बोलताना आपण "गाडगीळ अहवाल" म्हणतो, पण सूचीत कर्ता म्हणून तज्ज्ञ गट, प्रकाशक म्हणून पर्यावरण व वने मंत्रालय आणि दस्तावर असलेले वर्ष २०११ द्या. माथेरानच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राची अधिसूचना ४ फेब्रुवारी २००३ ची आहे. तिच्यासाठी भारताचे राजपत्र, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख. राजपत्राऐवजी वर्तमानपत्राची बातमी देणे हे समीक्षकाला आयते कोलीत आहे.

आपत्तीचे आकडे. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. पहिल्या दिवसापासून मृतांचा आकडा रोज बदलत होता. शोधकार्य थांबवले तेव्हा २७ मृत आणि ५७ बेपत्ता अशी नोंद होती. त्या आठवड्यातली बातमी वापरलीत तर तिची तारीख मजकुरातही द्या, आणि शक्य तिथे शासकीय किंवा भूवैज्ञानिक अहवालावर जा. वाडीचे इंग्रजी स्पेलिंग ठिकठिकाणी वेगळे आहे. शोध घेताना सगळी रूपे टाकून पाहा, लेखात एकच ठेवा.

भाताची वाणे. 'सह्याद्री' हे संकरित भात कर्जतच्या केंद्रातून १९९८ साली प्रसारित झाले. 'कर्जत' नावाच्या क्रमांकित वाणांचीही मोठी माळ आहे. वाणाच्या गुणधर्मांसाठी बियाणे कंपनीचे पत्रक किंवा तिसऱ्याच निबंधाची प्रस्तावना देऊ नका. विद्यापीठाचे शिफारसपत्र, प्रसारणाची अधिसूचना किंवा पैदासकाराचा मूळ लेख द्या. दापोलीचे प्रबंध 'कृषिकोश' या कृषी भांडारावर आणि इतर विद्यापीठांचे 'शोधगंगा'वर पाहता येतात.

शास्त्रीय नावामागचे नाव. प्रजातीच्या नावामागे येणारे "एल." किंवा इतर नाव हे नामकर्त्याचे असते. तो संदर्भ नव्हे, आणि वर्गीकरणाचे जर्नल मागत नसेल तर तो सूचीत जात नाही. प्राण्यांच्या नावात नामकर्त्याभोवती कंस असतील तर त्याचा अर्थ प्रजाती दुसऱ्या वंशात हलवली गेली असा होतो. "आमच्या स्टाईलमध्ये कंस नाहीत" म्हणून ते काढू नका.

मराठी पुस्तक, वाडीवरचे बोलणे

इंग्रजी जर्नलमध्ये मराठी स्रोत देता येतो आणि द्यावाही. लेखकाचे नाव रोमन लिपीत, शीर्षकाचे रोमन लिप्यंतर, त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ, शेवटी "मराठीत" अशी इंग्रजी नोंद. लिप्यंतर एकाच पद्धतीने करा. एका ओळीत "ठाकूर" एका तऱ्हेने आणि दुसरीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिले की शोधयंत्र गोंधळते.

नावांचेही एकदा ठरवून टाका. मराठी नावात स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव असे तीन भाग असतात. सूचीत आडनाव पुढे आणि दोन्ही आद्याक्षरे मागे. पाटील, भोईर, म्हात्रे अशी आडनावे आपल्या भागात इतकी आहेत की एकच आद्याक्षर दिल्यास माणूस ओळखू येत नाही. एकाच लेखकांचे एकाच वर्षी दोन लेख असतील तर वर्षापुढे ए, बी ही अक्षरे लावा. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकेचे नाव त्या त्या लेखावर छापले तसेच राहू द्या. आणि स्वतःसाठी ऑर्सिड क्रमांक काढून घ्या. तो फुकट आहे, आणि त्यामुळे तुमचे लेख दुसऱ्या कुणा भोईरांच्या खात्यात जात नाहीत.

ठाकूर किंवा कातकरी वाडीवर कुणी औषधी मुळीची माहिती दिली, तर एपीएनुसार ते "वैयक्तिक संवाद" ठरते: मजकुरात नाव आणि तारीख येते, सूचीत नोंद येत नाही. पण आधी माणसाची संमती घ्या, नाव छापू का ते विचारा, आणि ते काम पद्धतीच्या भागात नीट वर्णन करा. अनेक मुलाखती असतील तर तो तुमचा डेटा आहे, संदर्भ नव्हे. माहिती देणाऱ्यांचे नाव आभारात एका ओळीत गुंडाळायचे आणि तेच ज्ञान ज्याने आधी इंग्रजीत छापले त्याचा मात्र थाटात संदर्भ द्यायचा, हा प्रकार मला अजिबात पटत नाही.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

दहा संदर्भांचे टिपण असेल तर हाताने करा. त्यापुढे हाताने करणे म्हणजे हौस. पर्याय थोडक्यात:

- झोटेरो: फुकट आणि मुक्त. वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स तिन्हीत चालते. हजारो जर्नल्सच्या स्टाईल तयार मिळतात. ३०० एमबीपर्यंत फाइल्स त्यांच्या सर्व्हरवर फुकट राहतात. जागा संपली तर पीडीएफ संगणकावरच ठेवा, नोंदींना मर्यादा नाही.
- मेंडेले: फुकट, पण एल्सेव्हिअरच्या मालकीचे.
- एंडनोट: विकतचे. संस्थेने घेतले असेल तर वापरा, स्वतःच्या खिशातून नको.

माझा कौल झोटेरोला. सहलेखक वेगळे सॉफ्टवेअर वापरत असेल तर सुरुवातीलाच एकमत करा. दोघांनी दोन सॉफ्टवेअरमधून एकाच फाइलमध्ये संदर्भ घातले की सूची फुटते आणि ती जोडायला कुणी येत नाही.

सादर करण्याआधी फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीत संदर्भांचे दुवे तोडून साधा मजकूर करा. दुवे असलेली मूळ फाइल जपून ठेवा. दुसऱ्या जर्नलकडे जायची वेळ आली तर तीच उपयोगी पडेल.

नसलेले आणि मागे घेतलेले संदर्भ

चॅटजीपीटीसारखी साधने मागितले की संदर्भ देतात. लेखक खरे, जर्नल खरे, खंड-पाने पटण्यासारखी, आणि लेख अस्तित्वातच नाही, असे त्यांत असते. अशा एका नोंदीने तुमच्या उरलेल्या सगळ्या कामावर संशय येतो. यंत्राने सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहा. उघडत नसेल तर काढून टाका. भाषा सुधारायला अशी साधने वापरली असतील तर जर्नलचा त्याबद्दलचा नियम वाचून तसे जाहीर करा.

डीओआय तपासायला डीओआय डॉट ओआरजी या संकेतस्थळावर तो क्रमांक टाका. क्रॉसरेफवर पूर्ण सूची चिकटवली की उपलब्ध डीओआय एकदम शोधून मिळतात. मागे घेतलेल्या लेखांची 'रिट्रॅक्शन वॉच'ची यादी २०२३ पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. संग्रहातला लेख मागे घेतलेला असेल तर झोटेरोही इशारा देते.

दुसऱ्याच्या सूचीतून उचललेला, स्वतः न वाचलेला संदर्भ देऊ नका. मूळ मिळतच नसेल तर "अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" असे प्रामाणिकपणे लिहा. आणि मूळ मिळवणे आपल्याला तितके अवघड नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. ब्लॅटर हर्बेरियम मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात, सोसायटीचे ग्रंथालय फोर्टात हॉर्नबिल हाउसमध्ये. कर्जत किंवा खोपोलीहून सीएसएमटीची लोकल पकडलीत तर दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. फक्त आधी फोन करून परवानगी विचारा.

तुमचे हक्क

- सूची लांब झाली म्हणून साम्याचा टक्का वाढू नये. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार साम्य मोजताना संदर्भसूची, श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, आभार, प्रस्तावना, सामान्य संज्ञा, प्रमाण समीकरणे आणि योगायोगाने सारखे आलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे मजकूर वगळायचे असतात. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. अहवालात सूची मोजलेली दिसली तर ती वगळून पुन्हा तपासणी मागा. उलट, संदर्भ दिला म्हणून परिच्छेद जसाच्या तसा उचलता येतो, असे मुळीच नाही.
- समीक्षकाने स्वतःचे लेख लादले तर नकार देता येतो. सुचवलेला लेख खरोखर लागू असेल तर घ्या. नसेल तर उत्तरात कारण लिहा आणि संपादकांना वेगळे कळवा. संदर्भ लादणे हा गैरप्रकार आहे, असे प्रकाशन नीतीवरील 'कोप' ही संस्थाही मानते.
- वाचायला मिळणे. केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि सरकारी संस्थांना सुमारे १३ हजार जर्नल्स खुली झाली. तुमची संस्था तिच्यात आहे का, ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकाला ईमेल करून प्रत मागा. बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात.
- चित्र आणि तक्ता. संदर्भ दिला म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. दुसऱ्याचा नकाशा किंवा आलेख जसाच्या तसा छापायचा तर प्रकाशकाची लेखी परवानगी लागते.
- जर्नलची निवड. यूजीसीने मान्य जर्नल्सची 'केअर' यादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. "आम्ही केअरमध्ये आहोत" अशी जाहिरात अजून करणाऱ्या जर्नलला पैसे पाठवू नका. संपादक मंडळ, छापलेले लेख आणि त्यांच्या संदर्भसूच्या पाहा. गचाळ सूच्या छापणाऱ्या जर्नलमध्ये तुमचा लेखही कुणी वाचून तपासणार नाही.

पाठवण्याच्या आदल्या दिवशी

सूची छापून घ्या. एका हातात पेन्सिल, समोर लेख. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत खूण करत जा, मग उलट दिशेने. एका बाजूला असलेला आणि दुसऱ्या बाजूला नसलेला असा संदर्भ हमखास निघतो. त्याशिवाय:

- मजकुरातले आणि सूचीतले वर्ष, आडनावाचे स्पेलिंग जुळते का
- क्रमांकाच्या पद्धतीत, परिच्छेद हलवल्यावर क्रम बिघडला नाही ना
- जर्नलची नावे सगळीकडे आखूड किंवा सगळीकडे पूर्ण, सरमिसळ नको
- तक्त्यांखालचे आणि चित्रांखालचे संदर्भ सूचीत आहेत का (हे सगळे विसरतात)
- स्वतःच्या लेखांचे संदर्भ गरजेपुरतेच आहेत ना
- प्रत्येक डीओआय एकदा दाबून पाहिला का

हे काम शक्य तर सहलेखकाकडून करून घ्या. स्वतःच्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत. सूची तपासणे हे "कनिष्ठाचे काम" समजणाऱ्या वरिष्ठ लेखकांनीही एकदा पेन्सिल हातात घ्यावी. लेखावर पहिले नाव कुणाचेही असो, चुकीचा संदर्भ सगळ्यांच्या नावावर जातो.

लेख स्वीकारल्यावर प्रूफ येते, बहुधा दोन-तीन दिवसांच्या मुदतीने, आणि संदर्भांबद्दलच्या शंका त्यात समासात लिहिलेल्या असतात. प्रत्येक शंकेला मूळ लेख उघडून उत्तर द्या, "ठीक आहे" लिहून मोकळे होऊ नका. लेख एकदा प्रकाशित झाला की चुकीचा संदर्भ बदलायला शुद्धिपत्र छापावे लागते, आणि बरीच जर्नल्स तेवढ्यासाठी ते छापत नाहीत.